परसातलं घर किती मोठं?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. घर १,६५० चौरस फुटांचं, प्लॉट ६० बाय १००. माझे आई-बाबा साताऱ्याला आणि सासू-सासरे नाशिकला असतात. दोन्ही जोड्या आलटूनपालटून सहा-सहा महिने आमच्याकडे येतात आणि हॉलला लागून असलेल्या छोट्या खोलीत राहतात. आईचे गुडघे गेलेत, वरच्या मजल्यावर तिला जाता येत नाही. म्हणून बॅकयार्डात त्यांच्यासाठी वेगळं छोटं घर, म्हणजे इथे ज्याला एडीयू म्हणतात ते, बांधायचं ठरवलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, १,२०० चौरस फूट आरामात करून देतो. शेजारी म्हणतात, ८०० पर्यंत कुणी अडवू शकत नाही. ह्यांच्या ऑफिसमधले एकजण म्हणतात, ७४९ च्या वर एक फूटही जाऊ नका. ह्यांचं मत, एवढा खर्च करतोच आहोत तर जास्तीत जास्त बांधून घेऊ, पुढे भाड्याला देता येईल. खरं कोणाचं मानायचं? मागचं अंगण ६० फूट रुंद आणि ३६ फूट खोल आहे.
(एक वाचक, सॅन होजे)

उत्तर

तुम्हाला सांगितलेले तिन्ही आकडे खरे आहेत, हवेतले नाहीत. पण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तुम्हाला ते एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगितले गेले. म्हणून हा गोंधळ. आधी तो सोडवू, मग तुमच्या अंगणात येऊ.

१,२०० चा आकडा कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात आहे. सुट्या बांधलेल्या एडीयूची ती सर्वसाधारण कमाल. पण प्रत्येक शहराला स्वतःचा नियम करून ही मर्यादा खाली आणायची मुभा आहे. किती खाली, यालाही राज्यानं बांध घातलाय: एका बेडरूमपर्यंत ८५० च्या खाली नाही आणि एकापेक्षा जास्त बेडरूम असतील तर १,००० च्या खाली नाही. सॅन होजेनं प्लॉटच्या आकारावर नियम केलाय. प्लॉट ९,००० चौरस फुटांपर्यंत असेल तर १,०००, त्याहून मोठा असेल तरच १,२००. तुमचा प्लॉट ६,००० चा, आपल्या हिशेबात साडेपाच गुंठे. म्हणजे तुमच्यासाठी कमाल १,०००. कॉन्ट्रॅक्टर कदाचित दुसऱ्या गावात काम करून आला असेल, पण जो माणूस प्लॉटचं माप न विचारता १,२०० म्हणतो, त्याच्याकडून कोटेशन घ्यायच्या आधी मी दोनदा विचार करीन.

८०० हा आकडा हमीचा. २०२० पासून राज्याचा नियम असा आहे की ८०० चौरस फुटांपर्यंतच्या एडीयूला, बाजूला आणि मागे चार-चार फूट मार्जिन सोडलेलं असेल आणि उंची नियमात असेल तर, शहर एफएसआयचं (प्लॉटच्या मानानं एकूण किती बांधता येतं त्याचं) किंवा प्लॉटवरच्या एकूण बांधकामाच्या टक्क्यांचं कारण दाखवून नाही म्हणू शकत नाही. पुण्या-नाशकात घर बांधलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. समजा तुमच्या मूळ घरानंच सगळा एफएसआय खाल्लाय, तरी हे ८०० तुमचे आहेतच. शेजारी बरोबर सांगतात. पण ती हमी आहे, मर्यादा नाही. ८०० च्या पुढे गेलात की शहराचे बाकीचे नियम पुन्हा लागू होतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ७४९. हा पैशाचा आकडा. नवीन घर झालं की शहर पार्क, रस्ते वगैरेंसाठी विकास-शुल्क घेतं. ७५० पेक्षा लहान एडीयूवर राज्याच्या कायद्यानं ते घेता येत नाही. ७५० च्या वर गेलं की शुल्क मूळ घराच्या प्रमाणात लागतं. तुमचं घर १,६५० चं, एडीयू १,००० चं केलंत, तर प्रमाण साधारण साठ टक्के. मूळ घर जितकं लहान, तितकं हे प्रमाण जड जातं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. हजार फुटांच्या घरामागे हजार फुटांचं एडीयू बांधणाऱ्याला पूर्ण शुल्क पडतं. तरी एक लक्षात ठेवा: ७४९ म्हणजे सगळं फुकट नव्हे. प्लॅन तपासणीची फी, परमिटची फी भरावीच लागते, आणि ५०० च्या वर गेलात की स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांसाठीचं, शुल्क वेगळं असतं.

यात आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडचे लोक पटकन ओळखतात आणि इथे मात्र विचारायला विसरतात. कार्पेट की बिल्टअप? लाकडी सांगाड्याची बाहेरची भिंत साधारण अर्धा फूट जाड होते. बाहेरून ३४ बाय २२ चं घर ७४८ चौरस फूट भरतं, आतून ते ३३ बाय २१, म्हणजे ६९३. पंचावन्न फुटांचा फरक. एक चांगलं मोठं बाथरूम त्यात बसतं! कोणता आकडा बाहेरून मोजायचा आणि कोणता आतून, हे सिटीच्या प्लॅनिंग विभागाला ई-मेल करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. काउंटरवर तोंडी विचारू नका, नंतर तो माणूस सुट्टीवर असतो.

आता अंगण. साठ फूट रुंदी, दोन्ही बाजूंना चार-चार सोडले की ५२. खोली ३६, मागे चार सोडले, आणि तुमच्या घरात व नव्या घरात मी निदान दहा फूट ठेवायला सांगते, कारण त्याहून कमी झालं की दोन्ही घरांच्या खिडक्या एकमेकींच्या तोंडावर येतात आणि मधली जागा बोळ होते. उरले २२. ५२ बाय २२ म्हणजे १,१४४. तेव्हा १,००० कागदावर बसतात. पण मागच्या दारात उभं राहून बघा: २२ फूट खोल आणि साडेपंचेचाळीस फूट लांब भिंत. एका कडेला उरते साडेदहा फुटांची पट्टी. मुलं कुठे खेळणार? बाबा सकाळी फेऱ्या कुठे मारणार? तेच ३४ बाय २२ चं घर एका बाजूच्या मार्जिनला धरून बसवलं, तर दुसऱ्या बाजूला २२ बाय ३६ चा मोकळा तुकडा राहतो. त्यात लिंबाचं झाड, कढीपत्त्याची कुंडी, वाळवणाची दोरी आणि मुलांचा बास्केटबॉल सगळं मावतं. हे अंगण गेलं, तर सहा महिने आलेल्या माणसाला बसायला ऊन उरत नाही. इथे आलेल्या आई-वडिलांचा दिवस फार लांब असतो हो. तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, गाडी चालवता येत नाही. त्यांना खोलीइतकंच अंगण लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: ७५० च्या आत राहा, आणि ते शुल्क वाचवण्यासाठी नव्हे. तुमच्या अंगणाला आणि तुमच्या माणसांना तेवढंच शोभतं. शुल्क वाचतं हा वरचा फायदा.

तेवढ्यात सगळं बसेल का, असं तुमच्या मनात आलं असेल. बसतं. आतल्या ६९३ मध्ये साधारण १५५ चौरस फुटांची झोपायची खोली, १०० ची दुसरी लहान खोली, २९५ चं स्वयंपाकघर आणि बैठक एकत्र, आणि साधारण ८ बाय साडेआठचं बाथरूम. राहिलेल्या पंच्याहत्तर फुटांत आतल्या भिंती, कपाटं, पाण्याचा हीटर, कपडे धुण्याचं मशीन. पुण्यात याला लोक ऐसपैस टू बीएचके म्हणतील. दुसरी खोली नातवाच्या मुंजीला दोन्हीकडचे आजी-आजोबा एकदम आले की उपयोगी, एरवी देवघर आणि बाबांचं वाचन.

बाथरूमला मी एवढी जागा का दिली, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका घरी गेले होते. परसात हजार फुटांचं देखणं घर, दोन बेडरूम, उंच छत. आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि बाथरूमचं दार अठ्ठावीस इंची निघालं. वॉकर आडवा केला तर जातो, पण मग आजोबा कशाला धरणार? भिंत फोडावी लागली. ते काम चाललं तितके दिवस आजोबा पुढच्या घरात सोफ्यावर झोपले. हजार फुटांतले आठ इंच कमी पडले होते.

तेव्हा दारं ३६ इंची करा, सगळी. न्हाणीला उंबरा नको, फरशी थेट उतरती आत गेली पाहिजे. बाथरूमच्या मध्यभागी पाच फुटांचा गोल मोकळा राहील असं बघा, पुढे कधी व्हीलचेअर आलीच तर ती वळायला तेवढी जागा लागते. भिंतीवर टाइल बसवायच्या आधी कमोडजवळ आणि शॉवरजवळ आतून जाड प्लाय मारून घ्या. धरायचे दांडे आज नसले तरी चालेल, पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी स्क्रूला धरायला लाकूड हवं. आणि बाहेरच्या दाराला पायरी नको. अंगणापासून दारापर्यंत हलका चढ द्या. आईचे गुडघे तुम्ही पत्रात लिहिलेत म्हणून सांगते, ही सगळी कामं पायाचं काँक्रीट ओतायच्या आधी ठरली तर फारशी महाग नाहीत. नंतर फार महाग आहेत.

स्वयंपाकघराबद्दल एकच. शेगडीवरचा पंखा धूर खरोखर बाहेर टाकणारा घ्या, नुसता गाळून परत खोलीत सोडणारा नको. लहान घरात मोहरी-हिंगाची फोडणी उशीपर्यंत पोचते.

उंचीचा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. सुट्या एडीयूला १६ फूट तरी उंची शहराला द्यावीच लागते, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून, म्हणजे बस-ट्रेनच्या मोठ्या थांब्यापासून, चालत अर्ध्या मैलाच्या आत असाल तर १८. एका मजल्याला हे भरपूर आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी दुसरा मजला नकोच.

गॅरेजचाही विचार एकदा करून बघा, तुम्ही तो लिहिलेला नाही. घराला जोडलेलं दोन गाड्यांचं गॅरेज साधारण २० बाय २०, म्हणजे ४०० चौरस फूट असतं. मूळ घराच्या भिंतींच्या आत ५०० फुटांपर्यंतचं छोटं घर करता येतं, त्याला इथे ज्युनियर एडीयू म्हणतात. अंगण पूर्ण वाचतं, पाया-छत तयार असतं, खर्च पुष्कळ कमी. गॅरेज घरापासून सुटं असेल तर आणखी सोपं: आहे त्या जागी, आहे त्या मापात त्याचं घर करता येतं, चार फुटांचं मार्जिन नसलं तरीही. पण तुमच्या घरी वर्षभर कुणी ना कुणी राहणार आहे. सहा आणि सहा बारा. चारशे फुटांत दोन माणसं महिनाभर सुखानं राहतील, वर्षभर नाही. म्हणून मी परसातल्या घराकडेच झुकते, पण पैशाची ओढाताण होणार असेल तर गॅरेजला कमी लेखू नका.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते चुकीचं नाही. एडीयू भाड्यानं देता येतं, आता मालकानं त्याच प्लॉटवर राहिलं पाहिजे अशी अटही शहर घालू शकत नाही. शिवाय सॅन होजेनं २०२४ पासून एडीयू कॉन्डो म्हणून, म्हणजे फ्लॅटसारखं, वेगळं विकायलाही परवानगी दिली आहे. तेव्हा पुढचा विचार करणं रास्तच. पण दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवा. पहिली: स्वयंपाकघर, बाथरूम, ड्रेनेज, वीज या महागड्या गोष्टी ७४८ मध्येही लागतात आणि १,००० मध्येही. वरचे अडीचशे फूट म्हणजे मोकळ्या खोल्या, आणि भाडेकरू दोन बेडरूमचे पैसे देतो, त्या दोन ७४८ मध्ये आहेतच. दुसरी: घरपट्टी. प्रॉपोझिशन १३ या राज्याच्या १९७८ च्या घरपट्टीच्या कायद्यामुळे एडीयू बांधल्यानं तुमच्या जुन्या घराची किंमत नव्यानं लावली जात नाही, फक्त नव्या बांधकामाची किंमत मूळ आकड्यात मिळवतात. ते नवं बांधकाम जितकं मोठं, तितकी दरवर्षीची भर मोठी, आणि ती घर असेपर्यंत.

नक्षा काढायला देण्याआधी दोन शोध घ्या, कारण माप तिथेच बिघडतं. एक, मागच्या कुंपणालगत युटिलिटीची राखीव पट्टी आहे का. घर घेताना मिळालेल्या टायटल रिपोर्टमध्ये (मालकीहक्क तपासलेल्या कागदात) ती लिहिलेली असते. विजेच्या तारा मागच्या कुंपणावरून जात असतील तर शंका घ्याच. त्या पट्टीवर बांधता येत नाही, मग चार फुटांच्या मार्जिनचे पाच किंवा जास्त होतात, आणि नव्या घराला मागे-पुढे २२ ऐवजी २१ फूटच मिळतात. तेव्हा ३४ ऐवजी साडेपस्तीस लांबी घ्या, आकडा ७५० च्या आतच राहतो. दोन, ड्रेनेजचा पाइप कुठून आणि किती खोल जातो. सांडपाण्याला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. मागच्या घरापासून रस्त्याकडे ऐंशी फूट गेलं तर वीस इंच. तुमचा जुना पाइप तितका खोल नसेल, तर पंप बसवावा लागतो, आणि तो पंप बिघडतो तो नेमका दिवाळीच्या पाहुण्यांत. प्लंबरला कॅमेरा घालून पाइप बघायला सांगा. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनला मुख्य पॅनेल दाखवा. जुन्या घरांत ते १०० अँपियरचं असतं आणि दोन घरांचं ओझं पेलत नाही. नव्यानं बांधलेल्या सुट्या एडीयूला सोलर पॅनेल साधारणपणे सक्तीचं आहे, तोही खर्च आधीच धरा.

परमिटला वेळ लागेल म्हणून घाबरू नका. अर्ज पूर्ण असेल तर शहराला साठ दिवसांत हो किंवा नाही सांगावं लागतं, आणि नाही म्हटलं तर काय दुरुस्त करायचं ते लेखी द्यावं लागतं. शेजाऱ्यांची सुनावणी वगैरे भानगड नाही. सॅन होजेकडे आधीच मंजूर केलेले नक्षेही आहेत, त्यांतला एखादा बसला तर वेळ वाचेल. पण त्यांची बाथरूमची दारं आधी मोजा.

राहता राहिलं एक काम, आणि ते मी तुमच्या जागी असते तर सगळ्यांत आधी केलं असतं. तुमच्या पत्रात कॉन्ट्रॅक्टर आहे, शेजारी आहेत, ऑफिसमधले गृहस्थ आहेत. आईचं मत नाही, सासूबाईंचंही नाही. साताऱ्याला घर बांधताना गवंडी जशी चुन्याची फक्की मारून आखणी करतो, तशी अंगणात करा. चुना नसेल तर मैदा चालेल. ३४ बाय २२ ची चौकट काढा, आत खोल्यांच्या रेघा, दारांच्या जागा मोकळ्या. पलंगाच्या मापाचे पुठ्ठे ठेवा, खुर्च्या ठेवा, ओट्याच्या जागी टेबल. मग आईंना त्यात चालू द्या. त्या कुठे वळताना अडखळतात, कुठे हात भिंत शोधतो, ते तुम्ही बाजूला उभ्या राहून बघा. नाशिकला व्हिडिओ कॉल लावून सासूबाईंना दाखवा आणि विचारा, ओट्यापाशी उभं राहिल्यावर खिडकीतून काय दिसायला हवं. मला वाटतं, दोघीही सांगतील की पुढच्या घराचं मागचं दार दिसलं पाहिजे, नातवंडं शाळेतून आली की कळावं म्हणून. ती खिडकी कुठे येते ते फक्कीवर खूण करून ठेवा आणि मगच नक्षा काढणाऱ्याला बोलवा.